लाइन गेली की खाली बसायचं

माणसं प्रवासाला जातात ती डोंगर बघायला, देवदर्शनाला, नाहीतर घरच्यांपासून चार दिवस सुटका म्हणून. मी यवतमाळला गेले ती एका फ्लॉपीसाठी. फ्लॉपी म्हणजे काय हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. काळ्या पातळ पाकिटातली चकती, पूर्वी कॉम्प्युटरमधलं काम तिच्यावर साठवून ठेवत. ती वाचायचं यंत्र आता कुणाकडे नसतं, म्हणून पुण्यातल्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांकडून ते मागून आणलं होतं. वजनाला पाट्याचं भावंड. ते खांद्यावर घेऊन ट्रॅव्हल्सच्या पायऱ्या चढतानाच गुडघ्यानं तक्रार केली, आणि पुढचा सगळा प्रवास ती चालू राहिली.

माझं वय सत्तेचाळीस, नोकरी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवण्याची, आणि हौस पीएच.डी.ची. हौस कधीच संपली, पीएच.डी. तेवढी उरली आहे. विषय असा, की कॉम्प्युटरला कामं सांगायच्या भाषा आपल्याकडे आपल्या बोलीत करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास. त्यातला एक धडा यवतमाळच्या पाठक सरांवर होता. सर शाळेत गणित शिकवायचे. मी स्वतः शाळेत होते त्या काळात त्यांनी ‘पायवाट’ नावाची मराठी प्रोग्रामिंग भाषा तयार केली होती. पुरावा काय, तर एका विज्ञान प्रदर्शनाच्या स्मरणिकेतले दोन परिच्छेद आणि चार आज्ञा: माग, ठेव, सांग, जाय.

“चार इंग्रजी आज्ञांचं मराठी केलं, झालं,” आमचे गाईड म्हणाले होते. “ही भाषा नाही, हे भाषांतर आहे. आणि त्या स्मरणिकेतच लिहिलंय, की फार हळू चालते. चालणारा एक प्रोग्राम आणून दाखवा, नाहीतर धडा काढून टाका. प्रबंध तसाही जाड झालाय.”

मी सरांच्या घरी फोन केला तेव्हा काकूंनी उचलला. “फ्लॉपी आहे ना, अगदी जपून ठेवलीय,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, “ह्यांचं तुमच्या पुस्तकात येईल ना हो? ऐंशी झाले आता.” मी ‘येईल’ म्हणून मोकळी झाले.

यवतमाळला सकाळी उतरले तेव्हा अंगाचं भुसकट झालं होतं. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते, पण ऊन मात्र वैशाखातलं उरलेलं कुणीतरी वापरायला काढल्यासारखं. स्टँडबाहेर तर्री-पोहे घेतले (तर्री म्हणजे लाल तेलाचा झणझणीत रस्सा, इथे तो पोह्यांवर ओततात). पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

“पुण्याच्या काय, मॅडम?” पोहेवाल्यानं विचारलं.

“कशावरून?”

“रडून राह्यल्या ना,” तो म्हणाला आणि आणखी एक पळी तर्री माझ्या प्लेटमध्ये ओतली.

पाठक सरांचं घर जुन्या वकील-मास्तरांच्या वस्तीत होतं. दारात तुळस, ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सर बारीक, ताठ, इस्त्रीचा शर्ट घालून माझी वाट बघत बसलेले. एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून काकू दुसऱ्या बाजूला बसल्या आणि माझा प्रत्येक प्रश्न त्यांना मोठ्यानं पुन्हा सांगू लागल्या, कधी त्यात स्वतःची भर घालून.

मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. आज्ञा किती होत्या? चारच का? ‘जा’ न म्हणता ‘जाय’ का?

“पोरं तसंच बोलत होती,” सर म्हणाले. “पुण्याची पोरं असती तर ‘जा’ ठेवलं असतं.”

“तुमच्या भाषेत वेगळं असं काय होतं, सर?”

त्यांनी बराच विचार केला. “वेगळं काही नाही,” ते म्हणाले. “चालायची.”

गाईडांपुढे हे वाक्य गेलं, तर धड्याचं तेरावंच. म्हटलं, आता तारील तर फ्लॉपीच.

काकू उठल्या आणि देवघरातून चांदीचं तबक घेऊन आल्या. तबकात लाल कापड, कापडात फ्लॉपी. तिच्यावर हळद होती, कुंकू होतं, अक्षता होत्या, आणि आपट्याचं एक वाळकं पान. दसऱ्याला आपण पाटी-पुस्तकं पुजतो, अवजारं पुजतो. ह्या घरात दर दसऱ्याला ह्यांची भाषा पुजली जात होती. पाकिटाला मध्ये जी लांबट खिडकी असते, जिच्यातून यंत्र चकती वाचतं, बरोबर तिथे काकूंचं बोट वर्षानुवर्षं टेकलं होतं. ती जागा पिवळीधमक झाली होती.

मऊ फडक्यानं जमेल तेवढं पुसलं आणि जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं. फ्लॉपी आत घातली. यंत्र ‘खर्र’ करून ओरडलं, थांबलं, पुन्हा ‘खर्र’.

तो आवाज सरांच्या अधू कानालाही पोचला असावा. त्यांचा चेहरा एकदम उजळला. न विचारताच ते बोलू लागले.

“मशीन आली ना, त्या दिवशी सगळ्या पोरांना मी वर्गाबाहेर रांगेत उभं केलं होतं. चपला काढायला लावल्या. हेडमास्तरांनी नारळ फोडला. मग खोकं उघडलं, वायर जोडली, पोरं श्वास धरून उभी. मी बटण दाबलं, आणि—”

यंत्र थांबलं. माझ्या लॅपटॉपवर एक ओळ आली, की ह्या चकतीवर वाचण्यासारखं काही नाही. मी पुन्हा पुन्हा घालून पाहिली. तेच.

सर माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा वाचता येतो.

“कोरी आहे?”

“तसं दिसतंय, सर.”

“मीच,” काकू म्हणाल्या. “मीच दर वर्षी हळद वाहिली हो. मला काय माहीत...” त्यांनी पदर तोंडाला लावला.

“तुझं काही नाही गं,” सर म्हणाले. “तिचं वय झालं होतं.” मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. मी म्हटलं, सर, तुम्ही सांगत होता, बटण दाबलं आणि? “राहू द्या,” ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, हळू लोटून घेतलं. ते फार लागलं मला.

मी वायरी गुंडाळत बसले. मनात आलं, कुठून ह्या फंदात पडलो आपण. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती हे पाट्याएवढं धुपाटणं. निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. “घाटंजीकडे एक तांडा आहे,” त्या म्हणाल्या. “तिथला उत्तम राठोड ह्यांचा विद्यार्थी. दर वर्षी तुरीच्या शेंगा घेऊन येतो. त्याला भेटा. ह्यांना सांगू नका मात्र. पुन्हा आशा लावायला नको.”

दुसऱ्या दिवशी घाटंजीच्या एस.टी.त बसले. बसले म्हणजे एका पिशवीवर टेकले, कारण बाजाराचा दिवस होता आणि गाडी वांग्यांनी, कोंबड्यांनी आणि बायांनी भरली होती. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीचं झाड) फुटली होती. दूरवर पांढरे ठिपके, मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी, आणि डोक्याला रुमाल बांधून वाकलेल्या वेचणाऱ्या बाया. बघायला छान होतं. पण दर खड्ड्याला मांडीवरचं यंत्र पोटात घुसत होतं, त्यामुळे मी सृष्टीसौंदर्य फारसं मनावर घेतलं नाही. ते यंत्र लॉजवर ठेवून यायचं सुचलं नव्हतं, यावरून डोक्याची काय अवस्था होती ते समजावं.

शेजारच्या बाईनं चौकशी केली. “कायले चालल्या, बाई, तांड्यावर?”

थकलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. मी म्हटलं, “एक जुनी भाषा हरवलीय, ती शोधायला.”

“आज बजार हाये,” ती म्हणाली. “दवंडी देऊन पाहा.”

काकूंचा निरोप पोचला होता, त्यामुळे उत्तम राठोड फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, खांद्यावर दुपट्टा, मिश्या पिकलेल्या. बंजारा समाजातला. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडत, आता तांड्यावर सगळ्यांची शेती आहे. लहानपणी तो यवतमाळला वसतिगृहात राहून सरांच्या शाळेत शिकला.

“राम राम, मॅडम. सर बरे हायेत ना?”

“बरे आहेत,” मी म्हटलं आणि तांड्यावर पोचेपर्यंत फ्लॉपीची हकिकत सांगितली. एखादी वही, एखादा छापील कागद, काही उरलंय का तुमच्याकडे, असं विचारलं.

“कागद तर काहीच नाही. पर प्रोग्राम पाह्यजे तर चालवून दाखवतो.”

मी त्याच्या घराकडे बघितलं. ओसरीत कापसाचा ढीग, एक बाज, बाजेवर त्याची याडी (आई) सुपारी कातरत बसलेली. “कॉम्प्युटर आहे?”

“कायले पाह्यजे कॉम्प्युटर?” तो म्हणाला आणि शेताकडे तोंड करून त्यानं हाक मारली.

पऱ्हाटीतून माणसं येऊ लागली. कमरेला कापसाची ओटी, हातात पाण्याच्या बाटल्या. उत्तमच्या शाळेतला गणेश आडे, तशीच त्याच शाळेतली वनिता, आणखी दोघं, बाकी गंमत बघायला. उत्तम त्यांना त्यांच्या गोर बोलीत काहीतरी म्हणाला आणि सगळी हसली. मग मला मराठीत सांगितलं, “लाइन (वीज) नसली का सर आमाले मैदानात नेत. म्हणत, मशीन बसली तं तुमी चाला. आमी पोट्टेच (पोरंच) मशीन होऊन जात होतो.”

सहा जणी आपापली कापसाची गाठोडी घेऊन कडुनिंबाखाली ओळीनं उभ्या राहिल्या. वनिता समोर एकटी. तिनं लक्षात ठेवायचं. उत्तम चालणारा. सगळ्यात जास्त कापूस कोणी वेचला ते शोधायचं, एवढा साधा प्रोग्राम. गणेश बांधावर बसून आज्ञा देऊ लागला.

“माग!”

उत्तम पहिलीपुढे गेला. “किती?” “अठरा किलो.”

“ठेव!”

वनिता म्हणाली, “अठरा.” आणि मग शाळेतली ती सगळी मंडळी एका सुरात ओरडली, “खर्र!”

उत्तम दुसरीकडे सरकला. तिचे एकवीस. वनितानं एकवीस धरले. खर्र! तो तिसरीकडे निघाला, एक पाय पुढे टाकला, आणि गणेश ओरडला, “लाइन गेली!”

सगळी जिथल्या तिथे खाली बसली. ओळीतल्या बाया बसल्या, वनिता बसली, उत्तम तसाच एक पाय पुढे ठेवून उकिडवा बसला. एक जण बिडी पेटवायला लागला.

मी मोबाइलवर चित्रण करत उन्हात उभी. गुडघा ठणकत होता, आणि खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, झाली ह्यांची चेष्टा सुरू. बाजेवरून याडी म्हणाली, “अर्धी शाळा ह्यायची बसण्यातच गेली.”

“आली!” गणेशनं हाक दिली.

उत्तम उठला. पण पहिल्या बाईकडे गेला नाही. वनिताकडे बघून त्यानं विचारलं, “पुढं जाऊ का?” सगळ्यांनी उत्तर दिलं, “जाय!” वनिता म्हणाली, “एकवीस.” आणि उत्तम त्याच पावलावरून तिसरीसमोर जाऊन उभा राहिला. शेवटी गणेश “सांग!” म्हणाला, वनितानं “सव्वीस!” सांगितलं, आणि सव्वीस किलोवाली म्हातारी अशी काही मुरडली की सगळा तांडा हसला.

मी हसले नाही. माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

“मध्ये बसलात, ते काय होतं?”

“लाइन गेलती ना,” उत्तम म्हणाला.

“पण मग पहिल्यापासून का नाही सुरू केलं? लाइट गेली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. सुरुवातीपासून करावं लागतं.”

“काहून? सरांची मशीन नव्हती विसरत. लाइन आली का तेच विचारे, पुढं जाऊ का म्हणून. आपण जाय म्हटलं का तिथूनच चाले.”

“आणि ते खर्र?”

“फ्लॉपी वाजे, मॅडम. एक ओळ झाली का खर्र. लिहून ठेवे ना ते, कुठवर आली म्हणून.”

मी याडीच्या बाजेवर टेकले. प्रत्येक पावलाला ती भाषा आपली जागा चकतीवर लिहून ठेवत होती. म्हणून तर हळू होती! प्रदर्शनातल्या शहाण्यांनी घड्याळ लावून तिला हळू ठरवलं, पण त्यांच्या मांडवातली लाइट गेली नाही. ज्या इंग्रजी भाषेचं हे भाषांतर म्हणून आम्ही नाक मुरडत होतो, तिला असलं काही येत नव्हतं. लाइट गेली की ती मेली.

“सर हे बोललेच नाहीत मला,” मी म्हटलं. “मी विचारलं होतं, वेगळं काय म्हणून.”

“आता त्यात काय सांगाव सरांनी?” उत्तमला माझाच प्रश्न विचित्र वाटला. “लाइन तं जायाचीच.”

मग मी शाळेतल्या चौघांना एकेकटं गाठून पुन्हा विचारलं. चौघांनी तेच सांगितलं. फक्त गणेशचं म्हणणं पडलं, की मशीन ‘पुढं जाऊ का’ नव्हे, ‘चालू का’ म्हणायची. त्यावरून त्याचं आणि वनिताचं जे जुंपलं, ते मी निघेपर्यंत मिटलं नव्हतं. मध्ये बाटी (ज्वारीची भाकर), ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. भूक अशी लागली होती की ठेच्यानंसुद्धा रडू आलं नाही.

परतताना एस.टी. पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाला, “चाक येते आता,” आणि चाक निवांत, ऊन उतरल्यावर आलं. यवतमाळला पोचले तेव्हा ट्रॅव्हल्स सुटायच्या बेतात होती. सरांकडे जायला वेळच उरला नाही. तांड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे खिडकीची जागा पकडून आधी गाईडांना चित्रण पाठवलं. दारव्हा येईतो त्यांचा फोन आला.

“हे लोक मधेच खाली का बसतात?”

मी सांगितलं.

“सर, हे कशाचं भाषांतर आहे?” मी विचारलं. एरवी मी त्यांच्याशी असं बोलत नाही. दमलेलं माणूस धीट होतं.

“धडा प्रबंधात राहू द्या,” ते अखेर म्हणाले. “मात्र मुलाखती रीतसर पुन्हा घ्या. सगळ्यांच्या. आणि ते खर्र कसं लिहिणार, ते तुमचं तुम्ही बघा.”

म्हणजे पुन्हा हीच ट्रॅव्हल्स, पुन्हा तोच गुडघा. मी खिडकीला डोकं टेकलं. बाहेर कापसाचे पांढरे ठिपके संधिप्रकाशात विझत चालले होते. वाटलं, आम्ही इतिहास लिहिणारी माणसं नेहमी विचारतो, तुम्ही नवीन काय केलंत? आणि ज्यानं केलं त्याला त्यात नवल वाटत नाही, कारण त्याच्या गावात लाइट जाते, तेव्हा लाइट गेल्यावरही जगेल असंच तो काहीही करणार. माझ्या प्रश्नांच्या यादीत विजेचा प्रश्न नव्हता. आमच्या इमारतीला जनरेटर आहे.

कारंजाच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. मी सरांच्या घरी फोन लावला. काकूंना म्हटलं, सरांचा धडा पुस्तकात येणार. उत्तमनं प्रोग्राम चालवून दाखवला, लाइन गेली की बसले, आली की तिथूनच उठले, सगळं सांगितलं. त्या मध्येच रडायला लागल्या. मग त्यांनी सरांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन हे सगळं मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं. “बसले म्हणे हो सगळे! आणि तिथूनच उठले!”

फोनवर खुडबुड झाली. सरांनी फोन घेतला. सर कसे आहात, असं मी विचारणार होते. पण त्यांनी हॅलो म्हटलं नाही, कसली चौकशी केली नाही, कालचा विषयसुद्धा काढला नाही.

“आणि लाइन गेली, मॅडम,” ते म्हणाले. “बटण दाबलं, आणि लाइन गेली.”